डाग तेवढा काढ

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा डबा नेहमी वरून बघायचा असतो. वरच्या थरात एका मापाची, लालबुंद, हिरव्या देठाची फळं ओळीने मांडलेली असतात. तळाशी, कागदाच्या पट्टीला चिकटून, एखादं फळ राखाडी लोकरीची कानटोपी घालून बसलेलं असतं. परवा रविवारी आमच्या घरी अशा तीन कानटोप्या निघाल्या. डबा बुधवारपासून फ्रिजमध्ये होता. बायकोने तो ओट्यावर ठेवून विचारलं, "टाकू का?" मी पेपरातून मान वर न करता आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्य उच्चारलं.

"टाकतेस काय? डाग तेवढा काढ."

या तीन शब्दांची थोरवी कुणीतरी नीट गायला हवी. आजवर ती गायली गेली नाही, कारण जे गाऊ शकले असते ते डाग काढण्यात गुंतलेले होते. मी चिंचवडला राहतो आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली बावीस वर्षं क्वालिटीला आहे. तेव्हा डाग या विषयावर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे.

आमच्याकडे डाग काढत नाहीत, मालच काढतात. भोक वीस मायक्रॉनने मोठं झालं, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा पाव हिस्सा, की तो भाग लाल पेटीत जातो. पेटीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे. प्रॉडक्शनवाले येतात, "साहेब, एवढ्याने काय होतंय, बसतोय की," म्हणून गयावया करतात. मी बधत नाही. नव्या ट्रेनीला पहिल्या आठवड्यात मी एकच खेळ दाखवतो. दिसायला गुळगुळीत असं एक कास्टिंग घ्यायचं. त्यावर लाल द्रव लावून दहा मिनिटं थांबायचं, स्वच्छ पुसायचं आणि वरून पांढरी पावडर फवारायची. क्षणभर काहीच होत नाही. मग त्या पांढऱ्यातून एक लाल रेष हळूहळू वर येते, वाकडीतिकडी, बोटभर लांब. डोळ्याला तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसत होता. "दिसतं ते दोषाचं तोंड," मी पोराला सांगतो, "धड आत असतं."

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून तळेगाव चौकातल्या कोंडीत तासभर बसलो की हे सगळं विसरायला होतं, आणि विसरायलाच हवं. ऑफिसची कटकट घरी आणणारा माणूस संसाराला नालायक. आता, बुरशीही नेमकी त्या भेगेसारखीच वागते, हे खरं आहे. फळावर दिसतो तो हिरवा-राखाडी बुरा म्हणजे तिचा मोहोर. तिचे तंतू त्याच्या आधीच आत उतरलेले असतात, आणि फळ जितकं मऊ नि रसाळ तितके ते लांब जातात. हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही मी सुरी उचलतो, यालाच श्रद्धा म्हणायचं. ज्याला माहीतच नाही त्याने खाल्लं तर त्यात त्याचं कसलं कौतुक?

अमेरिकेच्या शेतीखात्याने या बाबतीत नियम करून ठेवलेत. गाजर, कोबी, ढोबळी मिरची असं घट्ट अंगाचं काही असेल, तर डागाच्या भोवती आणि खाली किमान इंचभर कापून टाका, सुरीचं पातं डागाला लागू देऊ नका, आणि उरलेलं खुशाल वापरा. मऊ फळ असेल तर सबंध टाका. आणि हुंगून बघू नका, बुरशीचे बीजाणू नाकात जातात. यावरून एवढंच कळतं की त्या लोकांना हुंगण्याची विद्या अवगत नाही. आमच्याकडे आई फळ नाकाशी धरायची, अर्धं मिनिट डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं.

तरी नियम म्हटल्यावर मला राहवेना. कपाटातून व्हर्निअर काढला (तो घरचा आहे, कंपनीचा नव्हे, हे इथे नोंदवून ठेवतो). टोपीवाल्यांतली सर्वांत मोठी स्ट्रॉबेरी देठापासून टोकापर्यंत ३४.२ मिलिमीटर भरली. इंच म्हणजे २५.४. टोकाच्या डागापासून इंच सोडला की राहिले ८.८, त्यातले पाच देठाचे. म्हणजे नियमाने खाण्याजोगी स्ट्रॉबेरी उरली ३.८ मिलिमीटर. डाग मधोमध असता तर हिशेब उणे गेला असता. असं ड्रॉइंग कंपनीत आलं असतं तर मी ते शेरा मारून परत पाठवलं असतं. मी अंगठ्याच्या नखाने कानटोपी उतरवली, फळ नळाखाली धरलं, मनातल्या मनात डेव्हिएशनवर सही केली आणि घास घेतला. चव किंचित ओल्या गोणपाटाची होती.

कुणी म्हणेल, हा एका चिक्कू माणसाचा हट्ट झाला. तसं नाही. बुरशीशी इमान राखणं हे पिंपरी-चिंचवडकराचं कर्तव्यच आहे. आम्हाला लोक गाड्यांचं गाव म्हणून ओळखतात, पण गाड्या मागाहून आल्या. एमआयडीसी १९६२ ची, टेल्को नि बजाज साठच्या दशकातले, चाकण तर कालपरवाचं. या सगळ्यांच्या आधी, १९५४ साली, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आमच्या बोलण्यात एचए कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हातभार लावला, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागलं. म्हणजे या सबंध औद्योगिक पट्ट्याचं पहिलं मोठं पीक बुरशीचं. सरकारी मालकीच्या टाक्यांत, पंचवार्षिक योजनेच्या छत्राखाली, देशाने इथे बुरशी पेरली आणि कापली. दुसऱ्या कुठल्या शहराला हे सांगता येईल?

आणि ती बुरशी तरी आली कुठून? फ्लेमिंगला १९२८ साली लंडनमध्ये काचेच्या बशीत सापडली ती दुभती नव्हती, तिचं पेनिसिलिन फार थोडं निघे. जगभरच्या कारखान्यांनी पुढे जिची वंशावळ चालवली ती तिची भाऊबंद, १९४३ साली अमेरिकेतल्या पिओरिया गावी एका बुरसलेल्या खरबुजावर मिळालेली. त्या खरबुजाच्या मालकाने डाग तेवढा काढून खरबूज खाल्लं असतं तर जगाचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतो, पण मी तो फार वेळ राहू देत नाही. मला भावतं ते वेगळं: एका नासक्या फळाने लाखो जीव वाचवले. दर वर्षी आंब्याच्या मोसमात, आढीतला पहिला काळा आंबा निघाला की मी ही कथा घरच्यांना सांगतो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. एचएतून निवृत्त झालेले, तीस वर्षं फर्मेंटेशनला काढलेली. असा सिद्धपुरुष शेजारी लाभणं ही मला पूर्वपुण्याई वाटली होती. पण या गृहस्थांच्या घरी पाव एका कोपऱ्याला हिरवा झाला की अख्खा पुडा कचऱ्यात जातो. संत्र्यांच्या पिशवीत एक नासलं तर ते जातंच, शिवाय त्याला खेटून बसलेली धुऊन-पुसून वेगळी ठेवतात आणि त्याच दिवशी संपवतात. एकदा धीर करून मी विचारलंच.

"काका, जिच्यावर तुमचं घर उभं राहिलं, तिचाच एवढा तिटकारा?"

"अरे, आमची ती पाळलेली होती," काका म्हणाले. "ही भटकी."

मग त्यांनी चहा गार होईपर्यंत मला टाकीची कथा ऐकवली. टाकी आधी वाफेने निर्जंतुक करायची. हवा गाळूनच आत सोडायची, पण सोडायची अखंड, नाहीतर बुरशी गुदमरते. खायला साखर आणि मका भिजवलेल्या पाण्याचा आटवलेला अर्क. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास धरून ठेवायचं. रात्रपाळीलाही नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आणि एवढं करून एखादा परका जंतू शिरलाच तर हजारो लिटरची टाकी सरळ ओतून द्यायची.

"डाग तेवढा काढू, असं कुणी म्हणायचं नाही?" मी विचारलं.

काका हसले नाहीत. "आणि हे बघ, बुरशी आम्ही कुणाला खायला घातली नाही कधी. ती गाळून टाकायची. पाण्यात उतरलेलं औषध काढून घ्यायचं, शुद्ध करायचं, तोलायचं, मग कुपीत भरायचं. तू फळाबरोबर काय काय गिळतोस, ते कोण तोलतं?"

म्हातारपणी माणसं श्रद्धा गमावतात, असं मी मनाशी म्हटलं. पण काकांनी जाता जाता आणखी एक खडा टाकला. याच एचएत डॉ. तिरुमलाचार यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक सूक्ष्मजीव नोंदवला आणि त्याला चक्क आमच्या गावाचं नाव दिलं: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून हमायसिन नावाचं औषध निघालं. ते चालतं बुरशीवर. मागोमाग पिकांसाठी ऑरिओफंजिन निघालं, तेही बुरशीवरच. म्हणजे गावाने एका हाताने बुरशी पोसली आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर मारेकरी घातले, आणि विज्ञानाच्या वहीत पिंपरीचं नाव कायमचं चढलं ते मारेकऱ्याच्या बाजूने. ही कथा मी घरी सांगत नाही. पुढे औषधांची ही कंपनी स्वतःच 'आजारी उद्योग' ठरली. कारणं अर्थशास्त्रज्ञ काहीही देवोत, मला तो बुरशीचा तळतळाट वाटतो.

काकांचं आणखी एक म्हणणं होतं, आडनावावर जाऊ नकोस. संत्र्यावर हिरवा बुरा येतो तोही पेनिसिलियम, सफरचंद निळसर पडून मऊ होतं तेही पेनिसिलियमच. पण सगळे पाटील एका वाड्यातले नसतात. सफरचंदावरचा जो पाटील आहे तो पेनिसिलिन करत नाही, पॅट्युलिन नावाचं विष करतो. गंमत म्हणजे या विषालाही एकदा औषधाची नोकरी देऊन पाहिली होती. १९४३-४४ साली इंग्लंडमध्ये सर्दीवर त्याची रीतसर चाचणी झाली. सर्दी होती तशीच राहिली. आज आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सफरचंदाच्या रसात पॅट्युलिनला मर्यादा घातली आहे, किलोमागे ५० मायक्रोग्रॅम. आम्ही क्वालिटीवाले दहा लाखांत किती नग नापास झाले ते मोजतो आणि स्वतःला फार काटेकोर समजतो. हे लोक अब्जात पन्नास भाग मोजतात. रस उकळीजवळ तापवून निर्जंतुक केला तरी हे विष बरंचसं टिकतं.

रसाची मर्यादा वेगळी का घालावी लागली, हे ज्यूसच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. अख्ख्या सफरचंदाला तोंड असतं, गिऱ्हाईक ते फिरवून बघतं. मिक्सरमधल्या सफरचंदाला तोंड नसतं. टोकदार सुरीने दोन फटक्यांत डाग उडतो, कधी उडतही नाही, वरून बर्फ, साखर आणि काळं मीठ पडतं. जातपात, डाग, वय, सगळे भेद मिटवणारी इतकी समतावादी संस्था महाराष्ट्रात दुसरी नसेल.

आमच्या पंथाचा सगळ्यात भक्कम आधार मात्र शास्त्रात नाही, अनुभवात आहे: "आम्हाला काही झालं नाही." आणि ते खरंही आहे. एखादा बुरसट घास गेला तर धडधाकट माणसाचं तोंड वाकडं होतं, फार तर पोट बिघडतं, दुसऱ्या दिवशी तो कामावर जातो. ज्याला दमा आहे, ॲलर्जी आहे, ज्याची प्रतिकारशक्ती केमोथेरपीने वगैरे उतरलेली आहे, त्याची गोष्ट निराळी, पण तो आमच्यात बसत नाही. पूर्वीचे लोक लोखंड पचवायचे. आमच्या आजीकडे पावसाळ्यात सुक्या खोबऱ्याच्या वाटीवर बुरा आला की ती पदराने पुसून उन्हात ठेवायची आणि दुपारी किसायला घ्यायची. लोणच्याच्या बरणीत वर पांढरं दिसलं तर तेवढा थर काढून तेल वाढवायची. शेंगदाण्यांत काळपट, सुरकुतलेले दाणे निघत, ते कुटात गेले की कुणाला दिसत नसत. आजी नव्वदीपर्यंत जगली. या एका आजीच्या जोरावर आमचं सगळं कुटुंब गेली चाळीस वर्षं खात आलं आहे.

दाण्यांवरून आठवलं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता लोक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचले, आणि पेंडीतून अफ्लाटॉक्सिन बाहेर पडलं. दाणे, मका, खोबरं, सुकी मिरची, अंजीर यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीचं हे विष यकृतावर जातं, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. भाजून, फोडणीत घालून, कुकरच्या शिट्ट्या करून ते पुरतं जात नाही. टर्की पक्ष्यांना आजी नव्हती, एवढंच मी यावर म्हणू शकतो.

१९७४ साली राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल या जिल्ह्यांत पाऊस अवेळी पडला आणि साठवलेला मका बुरसला. आदिवासी गावांतून माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. नोंदलेले रुग्ण ३९७, मृत्यू १०६. त्यांना मका बुरसलेला दिसत नव्हता असं नाही. घरात दुसरं काही नव्हतं. म्हणून त्यांची गणती मी आमच्या पंथात करत नाही. आमच्याकडे फ्रिज आहे, दारात घंटागाडी येते, कोपऱ्यावर ताजं फळ मिळतं, आणि तरीही आम्ही खातो.

तसंच त्या पोरांचं. चाकणच्या आंबेठाण चौकात संध्याकाळी फळांच्या हातगाड्यांवर पिवळे दिवे लागतात, त्या उजेडात शिळं सफरचंदही तांबूस दिसतं. आठ वाजून गेले की गाडीवाला डागी माल वेगळा काढून त्याचे वाटे लावतो. बीड-लातूरची, बिहारची कंत्राटी पोरं बारा तासांची ड्यूटी करून येतात आणि वाटा घेऊन खोलीवर जातात. परवा त्यांतलं एक आमच्याच लाइनवरचं निघालं. हातात सफरचंद धरून ते डागाभोवती बोट फिरवत होतं, अगदी मी शिकवलं होतं तसं. मला बघून ओशाळलं. "सर, हे रिवर्क होईल ना?" म्हणालं. मी हो म्हटलं.

तर तो रविवार. तिन्ही कानटोप्या मी स्वहस्ते उतरवल्या. चार फळं खाल्ली. एक मुलीला देऊ केलं. ती बारावीला बायोलॉजी घेऊन बसली आहे. तिने फळाकडे न बघता माझ्याकडेच बघितलं. बायकोला अचानक ॲसिडिटी आठवली. अर्धा डबा उरला. आता टाकवेना. पैसे मोजले होते, आणि अन्न टाकणं म्हणजे माज. अशा वेळेसाठी आमच्या पंथात एक शेवटची पायरी आहे. आपल्याला खाववत नाही आणि टाकवतही नाही, ते कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचं. देताना आवाज जरा मऊ करायचा. "चांगल्या आहेत हो मावशी, फक्त धुऊन घ्या." यात दान पदरात पडतं, फ्रिज रिकामा होतो, आणि बुरशी कुणाच्या पोटात गेली हा प्रश्न बिल्डिंगच्या बाहेर जातो. कंपनीत लाल पेटीतला माल दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या ट्रकमध्ये चढवला तर माझी नोकरी जाईल. घरी मात्र त्याने माझं नाव होतं.

मावशींनी डबा हातात घेतला, एकदा वरून आणि एकदा खालून बघितला, "बरं दादा" म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी सकाळी बस पकडायला खाली उतरलो. गेटपाशी घंटागाडीसाठी बादल्या मांडून ठेवल्या होत्या. हिरवीत, भाजीच्या देठांवर आणि चहाच्या चोथ्यावर, माझ्या स्ट्रॉबेऱ्या पडल्या होत्या. एका रात्रीत आणखी चौघींनी टोप्या घातल्या होत्या. शेजारच्या निळ्या बादलीत डबा होता. धुतलेला, पुसलेला, तळाची कागदाची पट्टी काढून टाकलेला, झाकण नीट बसवलेला. ओलं ओल्यात, सुकं सुक्यात.

बसचा हॉर्न वाजला. मी इकडेतिकडे बघितलं, डबा उचलला आणि बॅगेत टाकला. चांगला होता.